मापाडणीची दहावी जागा

धक्क्यावर तिला सगळे मापाडीण म्हणत. वजनाचं काम सुटून बारा वर्षं झाली, पण नाव काही सुटलं नाही. लिलावाच्या शेडमध्ये तिनं बावीस वर्षं मासळीच्या टोपल्या जोखल्या. शेवटी शेवटी तर ती काट्याकडं बघायचीसुद्धा नाही. दोघांनी टोपली कशी उचलली, उचलताना कुणाचा खांदा खाली आला, एवढ्यावरनं आकडा सांगून मोकळी व्हायची. काटा मागाहून येऊन मान डोलवायचा.

पुढं मासळी आटली, नवराही गेला, शेडमध्ये मांजरं तेवढी उरली. तेव्हा लेकानं बापाची होडी घासूनपुसून काढली, दोन्ही अंगांना बाकं ठोकली आणि लोकांना डॉल्फिन, कासवं, खडकावरची पाखरं दाखवायचा धंदा काढला. होडीला परवानगी दहा माणसांची. इंजिनावर लेक, आठ गिऱ्हाइकं आणि दहावी मापाडीण. सून धक्क्यावरच्या खोलीत बसून तिकिटं फाडायची.

लोकांना वाटे, म्हातारीला लाइफ जॅकेटचे पट्टे आवळायला ठेवलंय. पट्टे ती आवळायचीच, पण तिचं खरं काम त्याआधीच उरकलेलं असायचं. लहान होडीचा स्वभाव भाऊबंदकीसारखा. एका अंगाला जरा जास्त गेलं की दुसरं अंग फुगलंच. म्हणून धक्क्यावरनं होडीत यायच्या फळीच्या खालच्या टोकाला मापाडीण उभी राहायची. हात गिऱ्हाइकाच्या हातात, डोळे फळीवर. फळी किती वाकली, कुठं करकरली, ते बघून जागा ठरायची.

"या काका, मधल्या बाकावर. ताई, तुम्ही डावीकडं. आणि तुम्ही दोघं नवराबायको समोरासमोर बसा, म्हणजे भांडलात तरी तोल जायचा नाही."

वजन तिनं कधी कुणाला विचारलं नाही. "वजन विचारलं की माणूस खोटं बोलतो, आणि खोट्यावर होडी तरंगत नाही," असं तिचं म्हणणं. स्वतःही ती खोटं बोलायची नाही. दुसऱ्या होड्यांवरचे नावाडी साधी लाट दाखवून "तो बघा, गेला!" म्हणून वेळ मारून न्यायचे. तिला कुणी विचारलं, "मावशी, डॉल्फिन नक्की दिसणार ना?" की ती म्हणायची, "तो काय माझ्या घरी पाणी भरतो? दिसला तर दिसला."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना लेकाच्या डोक्यात यंत्र शिरलं.

"आई, गुडघे दुखतात म्हणतेस ना हल्ली?" जेवताना त्यानं लांबून सुरुवात केली.

"गुडघे माझे दुखतात. तुझं पोट का दुखतंय?"

"तसं नाही गं. एक काटा आणलाय. गिऱ्हाइकानं त्यावर उभं राहायचं, आकडा आपोआप मोबाइलमध्ये जातो आणि मोबाइल सांगतो कुणी कुठं बसायचं. तू आराम कर. तुझ्या जागेवर आणखी एक गिऱ्हाईक बसेल."

मापाडणीनं भाकरीचा तुकडा मोडला. घरी बसून ती काय करणार होती, भिंती जोखणार? पण रडणं-भेकणं तिच्या रक्तातच नव्हतं. "बघ की एक फेरी करून," ती म्हणाली.

"रविवारी करतो. फेरी नीट झाली तर तू घरी बसायचंस. कबूल?"

"आणि नाही झाली तर?"

"होणार गं," लेक म्हणाला. सून खाली मान घालून वाढत राहिली. मापाडणीनं ते बघितलं आणि मनात म्हटलं, ही पण त्याच्याच बाजूची. ती दोन दिवस सुनेशी धड बोलली नाही.

रविवारी सकाळी काटा धक्क्यावर मांडला. न्हाणीघरात ठेवतात तसला, काचेचा, चपटा. तिकिटं नऊ गेली होती, पण एक जण आलाच नाही, तेव्हा सून म्हणाली, "आई, त्या जागेवर तुम्ही बसा."

"बसते. आज मी गिऱ्हाईक," मापाडीण म्हणाली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

रांगेत पहिले एक निवृत्त साहेब होते. अंगानं भारदस्त, गळ्यात लेकराएवढा कॅमेरा. त्यांनी काट्याकडं बघितलं, मागच्या माणसांकडं बघितलं आणि कॅमेरा उतरवून बायकोकडं दिला. मग पाठीवरची पिशवी, मग बूट, मग पट्टा. खिशातल्या किल्ल्याही काढल्या आणि श्वास ओढून वर चढले.

"सोडा तो श्वास," बायको म्हणाली, "हवेचं वजन धरत नाहीत."

तिची पाळी आली तेव्हा तिनं सगळ्यांना पाठ करून उभं राहायला लावलं. एका पोरीनं अंगातला जाड स्वेटर मैत्रिणीकडं दिला, मैत्रिणीनं मग तिच्याकडं दोन दिले. एक काकू तर एका पायावर उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, तेवढंच निम्मं भरेल. लेक मोबाइलमध्ये डोकं घालून खूश. आकडे येत होते, खुणा उमटत होत्या. आणि वजन झालं की प्रत्येक जण बूट चढवून, पिशवी, कॅमेरा, पाण्याच्या बाटल्या घेऊन होडीत उतरत होता.

यंत्रानं सगळ्यांना सोलून जोखलं आणि होडीत सालासकट भरलं!

मापाडीण तेवढी चपला, पिशवी, टोपीसकट काट्यावर उभी राहिली. त्या दिवशीचं ते एकच खरं वजन. मोबाइलनं तिला डाव्या बाकाच्या मागच्या टोकाला बसवलं. ती बसली, आणि होडी डावीकडं दोन बोटं दबलीय हे तिला बुडालाच कळलं. तिनं आपल्या जॅकेटचे पट्टे आवळले.

"काय गं, बोल ना काहीतरी," लेक इंजिनावरनं म्हणाला.

"गिऱ्हाइकानं नावाड्याला शिकवू नये."

सुरुवात झकास झाली. खडकावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते, दोरीवर टाकलेल्या छत्र्यांसारखे. एक कासव वर आलं, म्हाताऱ्या माणसासारखं फुस्स करून बुडालं. साहेबांनी त्याचे चाळीस फोटो काढले. मापाडणीला वाटलं, पार पडतंय बहुतेक. संपलं आपलं.

आणि डाव्या अंगाला, दगड मारला तर लागेल एवढ्यावर, पाच-सहा डॉल्फिन वर आले.

आता मापाडीण नुसतं वजन बघायची असं नव्हे. फळीवरनं उतरताना कोण पायाकडं बघतं आणि कोण समुद्राकडं, तेही ती बघायची. पायाकडं बघणारा बसल्या जागी बसतो. समुद्राकडं बघणाऱ्याच्या बुडाला काटे असतात, काही दिसलं की तो उठणारच. असले ती निम्मे इकडं, निम्मे तिकडं वाटायची. मोबाइलला बिचाऱ्याला हे कोण सांगणार? त्यानं साहेबांसकट असले चौघंच्या चौघं उजवीकडं बसवले होते. ते चौघं एका उडीत डावीकडं आले. होडी कलली आणि काठावरनं बादलीभर पाणी आत आलं.

"बसा! खाली बसा!" लेक ओरडला. कोण ऐकतंय? साहेबांचा एक पाय तर बाकावर होता.

दुसरी लाट यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. मापाडणीनं उजवीकडच्या रिकाम्या पाण्याकडं बोट केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोलली.

"अगं बाई! इकडं बघा, इकडं! केवढा थोरला!"

चौघं गर्रकन फिरून उजवीकडं धावले. होडी सरळ झाली. तेवढ्या वेळात तिनं साहेबांना पट्ट्याला धरून मधल्या बाकावर आदळलं, "इथनं फोटो चांगला येतो!" काकूंना उजवीकडं ढकललं, पोरींना समोरासमोर बसवलं, आणि पाण्यात थबथब करत स्वतः पुढच्या टोकाला जाऊन बसली. होडी ताटासारखी सपाट. डॉल्फिनांना कशाचंच काही नव्हतं. ते आपले डावीकडं निवांत पोहत राहिले आणि सगळ्यांनी त्यांना बसल्या जागेवरनं पोटभर बघितलं.

"पण तो थोरला कुठं गेला हो मावशी?" स्वेटरवाल्या पोरीनं विचारलं.

"नव्हताच. खोटं बोलले मी. होडी उलटत होती."

मग साहेब म्हणाले, "नव्हता कसा? मी पाहिला ना! एवढी पाठ!"

"दाखवा बघू फोटो," बायको म्हणाली. "ही होय पाठ? ही तर लाट आहे."

"तो आत गेल्यानंतरचा फोटो आहे हा!"

होडी हसण्यानं हलायला लागली. तरी काकूंनी साहेबांची बाजू घेतली, त्यांनाही शेपूट दिसलं होतं म्हणे. मापाडीण मनात म्हणाली, पहिलंच खोटं, आणि एवढं खपलं.

गिऱ्हाइकं हसतखिदळत उतरून गेली. लेक भिजल्या पँटीनं होडीत उभा राहून डब्यानं पाणी उपसू लागला. मग वर न बघता तो बायकोला म्हणाला, "उद्याची नऊ तिकिटं गेलीत ना? त्यातल्या एकाला नाही म्हणून कळव."

"कुणाला कळवू?" सून खोलीच्या दारातनं म्हणाली. "आठच फाडलीत."

"आठ? मी नऊ सांगितली होती."

"तुम्ही सांगितली होतीत. यंत्र आणलंत त्या संध्याकाळी मी त्यावर उभी राहिले. घरात चिटपाखरू नव्हतं. तरी आधी चपला काढल्या, मग घड्याळ, मग केसातला चिमटा. म्हटलं, मी एकटी असून असं करते, तर चार लोकांत कोण खरं उभं राहणार? आजची नऊ त्याआधीच गेली होती, नाहीतर तीही दिली नसती."

"मग मला सांगायचंस की!" मापाडीण उसळली. "दोन दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"तुम्ही कुठं बोलत होतात माझ्याशी? रुसला होतात."

"आणि मला?" लेक म्हणाला.

"तुम्ही यंत्राशी बोलत होतात."

मापाडीण फस्सकन हसली. मग साडीचा पदर खोचून होडीत उतरली आणि लेकाच्या हातातला डबा काढून घेतला.

"सरक. पाणी डावीकडं साचलंय, आणि तू मघापासनं उजवीकडं बडवतोयस."