पडद्याआडचा हात

नकाशात शोधू नका, पण वडूजच्या पलीकडं हिंगणवडी नावाचं एक संस्थान होतं असं समजा. संस्थान केवढं, तर राजेसाहेबांचा हत्ती एका टोकाला ओरडला की दुसऱ्या टोकाची कुत्री भुंकायची. थाट मात्र पुरेपूर होता. राजवाडा होता, जनानखाना होता, आणि जनानखान्यात बांगड्या भरायला मणेरांचं एक घर ठरलेलं होतं. त्या घरातली शेवटची मणेरीण म्हणजे फरीदा.

आता ती पंचाहत्तरीला टेकली आहे. नवरा रहिमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आसिफ शिरवळला कारखान्यात आहे आणि तिकडंच राहतो. रविवारी फोन करतो, "अम्मी, जेवलीस का?" म्हणून विचारतो, आणि ती उत्तर देईपर्यंत त्याला दुसरं काहीतरी काम निघतं. म्हसवडच्या जत्रेत ती बांगड्यांचं दुकान मांडायची, तेही गुडघ्यांनी बंद पाडलं. घरात बोलायला कोणी नाही. मग ती मनातल्या मनात धाकट्या राणीसाहेबांशी बोलत बसते.

राणीसाहेब तिची मैत्रीण होत्या. तुम्ही हसाल, गावही हसायचं. कारण फरीदानं त्यांचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. संस्थान विलीन झालं होतं, पण वाड्यातला पडदा काही विलीन झाला नव्हता. मागच्या दारानं आत जायचं, जाड पडद्यापुढं बसायचं आणि म्हणायचं, "हात द्या, राणीसाहेब." मग पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर यायचा. फरीदा पहिल्यांदा गेली ती आईबरोबर, पोरसवदा असताना. आईनं बजावलं होतं, "हात दिसंल तेवढाच बघायचा."

फरीदानं तेवढाच पाहिला, पण पोटभर पाहिला. डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. तळवा कडक, दाबून दाबून हात मऊ करावा तेव्हा कुठं बांगडी चढायची. राणीचा हात असा कसा, असं तिनं घरी विचारलं, तर आई म्हणाली, "रोज सोताच्या हातानं चंदन उगाळत्यात त्या. लय देवभोळ्या हायती." फरीदाला ते इतकं आवडलं की पुढं कधी शंकाच आली नाही.

चुडा भरून झाला की तो हात लगेच आत जायचा नाही. फरीदाचं मनगट हळूच दाबायचा आणि थोडा वेळ तसाच राहायचा. पलीकडून शब्द एक नाही. रहिमानशी लग्न ठरलं, पहिलं मूल दगावलं, आई गेली, सगळं तिनं त्या पडद्याला सांगितलं आणि दर वेळी हातानं उत्तर दिलं. मूल गेलं त्या खेपेला तर तो हात सुटता सुटत नव्हता.

यंदा वारसांनी वाडा लोकांना बघायला खुला केला आणि जुन्या फोटोंचं एक दालन मांडलं. त्याची व्यवस्था बघायला सांगलीहून चंदना नावाची मुलगी आली. फरीदाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. दिसेनासं व्हायच्या आत तिला एकदा ते तोंड बघायचं होतं. एवढीच एक इच्छा उरली होती. ठेवणीतली साडी नेसून ती गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या दारानं वाड्यात शिरली.

"आमच्या धाकट्या राणीसाहेब कंच्या, बाळ?"

चंदनानं तिला एका मोठ्या फोटोपुढं नेलं. "या बघा, आजी. लग्न झाल्या झाल्या काढलेला फोटो आहे."

खुर्चीत बसलेली नाजूक बाई, रूपानं देखणीच. पण जन्माची सवय, फरीदाची नजर हातांवर गेली. मांडीवर ठेवलेले निमुळते हात, आणि करंगळ्या दोन्ही सरळ.

"ह्या न्हाईत," फरीदा म्हणाली.

"त्याच आहेत, आजी."

मग तिला खुर्चीमागं उभी असलेली बाई दिसली. हातात चवरी. फोटो काढताना मान हलली असावी, तोंड पार पुसट आलं होतं. चवरीच्या दांड्यावर डावा हात मात्र स्पष्ट होता, आणि त्याची करंगळी बाहेर वाकलेली.

फरीदानं करंगळीची गोष्ट सांगितली, तेव्हा चंदना थोडी घुटमळली. "वाड्याच्या वारसांनी आत्ता आत्ता सांगितलं, आजी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत राणीसाहेब माहेरी निघून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. तिकडंच वारल्या. वाड्याची अब्रू जाऊ नये म्हणून इथं सगळं चालू असल्यासारखं दाखवलं. साड्या यायच्या, बांगड्या भरल्या जायच्या."

"आन् ही?"

"दासी असेल कोणी. नाव कुणालाच आठवत नाही."

फरीदा मटकन खाली बसली. आधी संताप आला. सगळ्यांनी फसवलं, आईनंसुद्धा. चंदन उगाळत्यात म्हणे! पण राग फार टिकला नाही, कारण हात तर खोटा नव्हता. आणि मग तिला तो दिवस आठवला.

राणीसाहेब वारल्याची बातमी गावात आली, तेव्हा ती हिरवा चुडा घेऊन मागच्या दारी धावली होती. सवाष्ण गेली, शेवटचा चुडा आपणच भरायचा. शिपायानं आत सोडलं नाही. पायरीवर बसून ती ओक्साबोक्शी रडू लागली. तेव्हा आतून एक दासी आली, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले, आणि शेजारी टेकली.

"रडू नगं, फरीदा."

फरीदा तिच्यावर उसळली होती. "तुला काय कळायचं गं? माझं नि त्यांचं काय हुतं, ते तुला काय ठावं!"

पदराखाली हात चुळबुळले, पण बाहेर आले नाहीत. बाई थोडा वेळ बसली, मग उठून आत गेली आणि दार लागलं. ते तोंड इतकं जवळ होतं, आणि फरीदानं मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

चंदनानं तिला उठवायला हात पुढं केला. फरीदानं तो धरला, पण ती उठली नाही.

"माझं नाव घिऊन बोलली हुती ती," फरीदा म्हणाली. "आन् मला तिचं नाव ठावं न्हाई."