बोटभर आखूड पाय

ज्वारीच्या राखणीला मचाणावर चढले होते. पाखरं हाकताना तोल गेला आणि मी खाली आले. उजव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या अगदी वर मोडलं. गावच्या हाडवैदानं कामट्या बांधल्या, हाड सरळ बसलंही. त्याला मी आजही दोष देत नाही. पण वर्ष उलटलं आणि नवा परकर नेसवताना मायच्या लक्षात आलं, की उजवीकडचा काठ जमिनीला टेकतो. मग बाबा आणि माय मला मेहकरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

तिथले डॉक्टर नागपूरकडून बदलून आलेले, भले माणूस. त्यांनी नीट समजावलं. लेकराचं हाड मधून वाढत नाही, टोकांशी वाढतं. तिथं मऊ कुर्चेचा एक थर असतो, तो नवं हाड घडवत जातो आणि पोर वयात आलं की स्वतःच हाड होऊन थांबतो. मांडीच्या हाडाची बरीचशी वाढ गुडघ्याशीच होते, आणि माझा नेमका तिथलाच थर चेंगरला होता. डावा पाय वाढत राहणार, उजवा मागे पडणार. आज फरक बोटभर आहे, पुढे वाढेल, असं ते म्हणाले. जाड तळव्याची चप्पल करून द्या, असंही म्हणाले.

चपलेचं बाबांनी ऐकलंच नाही. त्यांनी एवढंच धरलं, की आज बोटभर आहे. परतीच्या गाडीतच त्यांनी मायला सांगून टाकलं, हिचं लगीन याच वर्षी उरकायचं.

मायनं मला चालायला शिकवलं. डावा गुडघा जरासा वाकवून, हळू, खाली बघत. अमडापूरचे पाहुणे आले, मला ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं आणि पोरगी मर्यादेची आहे म्हणून खूश झाले. बैलाचे निदान दात तरी बघतात.

सासरी मी उंच होत गेले आणि घाबरत गेले. वाढ थांबावी म्हणून कमी खाऊन पाहिलं, तरी डावा पाय वाढतच राहिला. शेवटी गुडघा वाकवूनही लंगडणं लपेना. सासऱ्यांनी गाडी जुंपली, सासूला सोबत घेतलं आणि मला माहेरच्या दारात आणून उभं केलं. लंगडी पोर फसवून गळ्यात बांधली, असं ते ओरडून सांगू लागले.

बाबा शांत होते. "म्या देली तवा पोरीचे दोन्ही पाय सारखे होते," ते म्हणाले. "तुमच्या घरी आखूड झाला." वर जड घागरी वाहायला लावल्याचा आणि अर्धपोटी ठेवल्याचा ठपकाही ठेवला. माय आत निघून गेली. सासू माझ्या तोंडाकडे बघत होती. मग ती नवऱ्याला म्हणाली की चूक आपलीच असेल, आणि मला हाताला धरून परत गाडीत बसवलं.

त्यानंतर ती रोज माझ्या पायाला तेल लावायची, दूध आधी मला द्यायची. मला ते सहन होईना. एकदा ती तेल चोळत असताना मी तिला सगळं सांगून टाकलं. मचाण, डॉक्टर, वाकवलेला गुडघा.

तिचा हात थांबला नाही. "मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "पण म्या त्याले खोटं पाडलं असतं, तं तुह्या बापानं तुले घरात घेतलं असतं काय?"

उत्तर मला माहीत होतं. ते त्या परक्या बाईला माझ्या आधी कळलं होतं, याचा राग अजून गेलेला नाही.