हातातला गेमिंग पीसी आणि दुपारची झोप

मंडळी, हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी घ्यावा का, हे कधीपासून डोक्यात घोळतंय. डिचोलीतलं माझं नळ-पाइपांचं दुकान दुपारी बंद असतं. तेवढ्या वेळात आडवं पडून खेळावं, एवढीच हौस.

आज भाच्याने त्याचा वापरून बघायला दिला. जेवून पडलो आणि रेसिंगचा गेम लावला. चित्र झकास! पण गाड्या सुटल्या तसा यंत्रातला पंखाही सुटला. माझे कान तिखट, पण बायकोचे त्याहून तिखट.

"अहो, तो मिक्सर बंद करा!" ती डोळे न उघडताच म्हणाली.

मी हेडफोन दाखवले.

"ते तुमच्या कानांना. माझ्या कानांचं काय?"

यंत्र उचलून बाहेर ओसरीत, सोप्यावर जाऊन बसलो. जरा रंग चढतोय तोच शेजारचा दामू फाटकाशी हजर.

"तूं जागो आसा मरे? मग दुकान उघड, घरात नळ फुटलो!"

शर्यत अर्धी टाकून किल्ल्या घेतल्या.

यंत्र उत्तम आहे, मोह अजून सुटलेला नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी खरं सांगा: झोपलेल्या माणसाशेजारी ते खेळता येतं का? कारण आमच्याकडे दुपारी उठून बसलेला माणूस म्हणजे उघडं दुकानच.