अर्ध्या दराचं तिकीट

परवा ट्रंकेतल्या जुन्या शर्टाच्या खिशात एक गुलाबी तिकीट सापडलं, अजून न फाडलेलं, आणि मे महिन्यातली ती संध्याकाळ आठवली. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. आमच्या वाडीतल्या एका मुलाने मुंबईत रॉक बँड काढला होता. रत्नागिरीत, शाळेच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम ठरला तेव्हा वाडीसाठी अर्ध्या दराची तिकिटं घेऊन तो स्वतः घरोघर फिरला. "घरच्या पोराचा कार्यक्रम, त्याला तिकीट कसलं?" असं म्हणत सगळ्यांनी त्याला कोकम सरबत पाजून परत पाठवलं. मी मात्र गुपचूप एक घेतलं. संध्याकाळी जाऊन बघतो तर अख्खी वाडी मैदानाच्या कडेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पाय सोडून बसलेली. दिवसभर तापलेला जांभा दगड अजून ऊन लागत होता. "आत कशाला जातोस रे? बस हितंच, सगळं दिसतंय," शेजारचे काका म्हणाले. एकट्याने आत जायची लाज वाटली आणि मीही बसलो. तो गिटार घेऊन पुढे आला, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग गडग्याकडे. स्टेजवरून खाली उतरला आणि एक मोठा स्पीकर ओढत ओढत त्याने आमच्या दिशेला वळवला. गडग्यावरून टाळ्या पडल्या. मी खिशातल्या तिकिटावर हात दाबून बसलो होतो. त्यानंतर तो रत्नागिरीत कधी वाजवायला आला नाही. वाडीत त्याचा विषय निघाला की मी अजूनही सांगतो, मी तिकीट काढलं होतं. बसलो कुठे होतो, ते सांगत नाही.