अलीनाच्या नाटकातला मिशीवाला

गेल्या गुरुवारी ओलाया भागातल्या ऑफिसात बसलो होतो आणि बायकोचे दोन व्हिडिओ आले. त्या दिवसापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय... म्हटलं, इथे लिहून मोकळं व्हावं.

आमची अलीना नववीत आहे, इथे रियाधच्या एका इंडियन स्कूलमध्ये. इतिहासात नाझी जर्मनीचा धडा आला आणि पोरगी वेडीच झाली. लायब्ररीतून एक कादंबरी आणली, मग लॅपटॉपवर एक पिक्चर बघितला... कॉलेजात शिकणारी मुलं नाझींविरुद्ध चोरून पत्रकं छापतात, युनिव्हर्सिटीत टाकतात, तिथला चौकीदार त्यांना पकडून देतो आणि त्यांना मृत्युदंड होतो.

जेवताना तेच, गाडीत तेच. "अब्बा, दे वेअर जस्ट स्टुडंट्स!" हे तर ऐकून ऐकून मला पाठ झालं. शेवटी तिने शाळेच्या कार्यक्रमासाठी त्यावर छोटं नाटक लिहिलं, हिंदीत, आणि मैत्रिणींना घेऊन बसवलंसुद्धा. मी इतका खूश की मलाझमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये भेटेल त्याला सांगत सुटलो.

कार्यक्रम मुलींच्या सेक्शनला, म्हणजे वडिलांना प्रवेश नाही, फक्त आया. म्हणून बायकोला बजावून ठेवलं होतं, शूटिंग कर आणि मोबाईल आडवा धर.

पहिल्या व्हिडिओत स्टेजभर पत्रकं उडाली आणि टोपी, काळी मिशी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा अशा अवतारात एक मुलगी धावत आली. तिने पत्रकं टाकणाऱ्या दोघींचे हात घट्ट धरले. हा चौकीदार... काम झकास केलं होतं हो तिने.

दुसऱ्या व्हिडिओत तीच मिशी. पाठमोऱ्या बसलेल्या एका मुलीला समजावत होती, "बेटा, अपना नाम मत डालना. पहले बाकी लोग डालें, फिर देखेंगे. हमें किसी की नज़र में नहीं आना." आणि इथे व्हिडिओ संपला. बायकोच्या मोबाईलची मेमरी फुल!

मी तो परत लावला. ही वाक्यं तर माझी आहेत...

झालं होतं असं. उन्हाळ्यात स्कूलबसचा एसी बंद पडला तेव्हा मुलींनी मिळून प्रिन्सिपलना अर्ज दिला. सही करू का, म्हणून अलीनाने विचारलं आणि मी तिला अगदी हेच सांगितलं होतं. आणि चुकीचं काय सांगितलं? परका देश, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, तोही कफीलच्या, म्हणजे मालकाच्या हातात... इथे माणसाने मान खाली घालून राहावं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

पण मग याचा अर्थ काय घ्यायचा? पोरांना मरणाच्या दारात नेऊन सोडणाऱ्या माणसाच्या तोंडी माझ्या मुलीने बापाची वाक्यं घातली? ती मला तसा समजते?

बायकोने व्हिडिओ फॅमिली ग्रुपवरही टाकले होते. तेवढ्यात तिथे खेडहून मेहुण्याचा मेसेज, "भाईजान, मिशीसकट तुम्हीच!" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मीही एक हसरा चेहरा टाकला... दुसरं काय करणार?

घरी गेलो तर अलीना दारातच. "अब्बा, देखा?" मी म्हटलं, "हो, छान." तिचं तोंड एवढंसं झालं, ते मला दिसलं, तरी मी तसाच आत गेलो. रागवावं तर कशासाठी, आणि हसावं तर हसू येईना. बायकोला विचारायचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजनंतर खबसा आणायला निघालो, तर ती सोबत आली. येताना भाताचं गरम पार्सल तिच्या मांडीवर. सिग्नलला थांबलो आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अलीना, मी तुला त्या चौकीदारासारखा वाटतो का गं?"

"कौनसा चौकीदार?"

मी मिशीचं सांगितलं, वाक्यांचं सांगितलं. पोरीने कपाळावर हात मारला आणि जी हसायला लागली... मुली कमी पडल्या आणि मिशी एकच होती, म्हणून त्याच मुलीने दोन कामं केली म्हणे. आधीच्या सीनमध्ये ती चौकीदार होती. "दूसरे में वो लड़की के अब्बा हैं, अब्बा!" टोपी आणि किल्ल्या काढल्या होत्या की, म्हणाली. मला त्या मिशीपुढे काही दिसलंच नव्हतं.

मग व्हिडिओत न आलेला भाग तिने सांगितला. मुलीला कायम गप्प राहायला सांगणारा तो बाप खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या दारात येतो. पहारेकरी म्हणतो, घरी जा, कशाला नजरेत येतोस... तर बाप त्याला ढकलून आत घुसतो आणि सगळ्यांसमोर ओरडतो, ही माझी मुलगी आहे.

असं का लिहिलंस, म्हणून विचारलं. तिला प्रश्नच विचित्र वाटला. "क्योंकि आप आते ना."

एवढं बोलून तिने पार्सलचा कोपरा उघडला आणि भातातला बेदाणा तोंडात टाकला. मागचा गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता... सिग्नल कधी हिरवा झाला मला कळलंच नाही.

तेव्हापासून मी गोंधळलोय. तो चौकीदार आणि तो बाप मला एकच माणूस वाटले, हिला मात्र दोघांत जराही घोळ वाटत नाही. पण बसच्या एसीच्या अर्जावर मुलीला सही करू न देणारा माणूस पहारेकऱ्याला ढकलून आत जाईल?

खरं सांगतो, मला माहीत नाही. तिला मात्र तिळमात्र शंका नाही... पोरीचा अंदाज चुकू नये, एवढीच दुआ करा.