जानेवारीतला खोटा वाढदिवस

कर्जत तालुक्यातल्या आमच्या शाळेत भूगोलाचे सर ट्रेनिंगला गेले की नववीच्या वर्गाला भयंकर कंटाळा यायचा, आणि कंटाळा आला की आम्ही नीचपणा करायचो. पुढच्या दोघींच्या वेण्या एकमेकींना बांधणे, बाकावर काटेरी गोखरू पेरणे, हे किरकोळ. त्या जानेवारीत मात्र मी, वर्गातली हुशार वगैरे मुलगी, जरा वरच्या दर्जाचा नीचपणा केला.

त्या आठवड्यात परिपाठाची पाळी आमच्या वर्गाची होती. प्रार्थना, सुविचार, बातम्या झाल्या की वाढदिवसवाल्यांना पुढं बोलवायचं, सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवायच्या, मुख्याध्यापकांनी पेन्सिल द्यायची. ती नावं वाचायचं काम माझ्याकडं होतं. मी चिठ्ठीत खुशाल शेवटच्या बाकावरच्या मुलीचं नाव घातलं. ती कुणाशी बोलायची नाही आणि कितीही छळा, चिडायचीही नाही. चिडत नाही म्हणजे काय! माइकसमोर 'माजा न्हाई वाढदिवस' म्हणताना तिची ततपप होईल, सगळी शाळा हसेल, असा माझा बेत होता.

मी नाव पुकारलं. बाईसाहेब उठल्या, ओढणी सारखी केली आणि थेट पुढं आल्या. टाळ्या घेतल्या, पेन्सिल घेतली, मुख्याध्यापकांच्या पाया पडल्या. ततपप झाली ती माझी. पुढची सूचना वाचायचीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती डबाभर शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. वाढदिवस झाला की वर्गाला काहीतरी वाटायचं, ही आमच्याकडची रीतच. सगळ्यांना एकेक दिला. माझ्या हातावर दोन ठेवले.

मला राहवेना. "अगं, काल तुझा वाढदिवस नव्हताच. मीच मुद्दाम नाव घातलं."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "माजा खरा दिवस आईला बी ठावा न्हाई. दाखला नव्हता, म्हनून पहिलीत गुरुजींनी एक जून लिवली. तवा शाळंला सुट्टी. टाळ्या कोन वाजवनार?"

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी अख्खा लाडू तोंडात कोंबला.

"आई इचारती," ती म्हणाली, "फुडल्या वर्षी बी हाच दिवस धरायचा का?"

"धर," मी भरल्या तोंडानं म्हटलं. डोळ्यांत पाणी का आलं, असं मैत्रिणींनी विचारलं, तर लाडू फार कडक होता म्हणून सांगितलं. चांगला मऊ होता.