अक्कांचा हंडा आणि मनीचा प्रकल्प

माझ्या शुद्धलेखनाच्या चुका आणि हे वेडंवाकडं अक्षर, दोन्हीबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर मी लिहिलं ते किराण्याच्या चिठ्ठीपुरतं आणि बचत गटात सहीपुरतं. पण एक सांगून ठेवते, आमच्या घरात जे झालं ते वाईट अक्षरामुळे झालं नाही. ते चांगल्या, ठसठशीत, पितळेवर कोरलेल्या अक्षरांमुळे झालं. आणि ती अक्षरं वाचणारी माझीच मुलगी होती.

(हे कोणाला दाखवायचं नाही. आमच्या यांना तर मुळीच नाही. ते चौकात उभं राहून मोठ्याने वाचतील.)

आमची मनी धुळ्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय इतिहास. आम्ही भडगावचे. रोज एसटीने जाऊन येऊन शिकणं जमणारं नव्हतं, म्हणून ती यांच्या मोठ्या बहिणीकडे, शकुंतला अक्कांकडे राहायची. अक्का प्रेमळ आहेत, पण त्यांच्या प्रेमाला दार आहे आणि कडी त्यांच्या बाजूला आहे. यांनी मनीला पहिल्याच वर्षी बजावलं होतं: अक्काने एकदा जरी तोंड वाकडं केलं, तरी बी.ए. बंद आणि पारोळ्याच्या स्थळाला होकार. त्यामुळे तीन वर्षं मी दर महिन्याला अक्कांना वांगी, मेहरूणची बोरं, कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं पीठ असं काही ना काही पाठवत होते. मनीचा इतिहास माझ्या पिशव्यांवर चालला होता म्हणा ना.

शेवटच्या वर्षी तिच्या सरांनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या गावचा इतिहास लिहायचा आणि तोही पुस्तकातून उतरवायचा नाही. कोणी कधी पाहिलं नसेल असं साधन शोधायचं. कोणाच्या गावाला गढी होती, कोणाच्या गावाला बारव. मनी दिवाळीला घरी आली आणि आमच्या गल्लीत इकडून तिकडे फिरून आली. आमच्या गल्लीत जुनं म्हणजे एक नगरपालिकेचा नळ आणि एक बेबाबाई. नळाला पाणी नाही आणि शेजारच्या बेबाबाईंना दम नाही.

रागारागाने ती भांडी घासायला बसली. (इथेच मी सावध व्हायला हवं होतं. ही मुलगी आपणहून भांडी घासायला कधी बसत नाही.) थोड्या वेळाने तिने एक पातेलं पालथं धरलं आणि म्हणाली, "आई, हा लेख आहे."

मी म्हटलं, ते पातेलं आहे.

मग तिने मला समजावलं. राजे लोक दान दिलं की तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवायचे, कोणी दिलं, कधी दिलं. आपणही लग्नात भांडं देताना टिंबटिंब करून नाव घालून घेतो, तेही तसंच. पितळ कधी संपलं आणि स्टील कधी आलं, बायकांची नावं कधीपासून यायला लागली, कोणाची सोयरीक कुठे झाली, सगळं भांड्यांच्या बुडाशी लिहिलेलं आहे. सरांना फोन केला तर सर एवढे खूश झाले की मनी फोन ठेवून उड्या मारायला लागली.

आता माझं ऐका. मी बोलावल्याशिवाय हळदीकुंकवालाही जात नाही. दुकानात मापात कमी दिलं तर तेवढंच घेऊन घरी येते आणि भिंतीशी भांडते. पण त्या दिवशी माझ्या अंगात काय आलं कोणास ठाऊक! डोक्यावर पदर घेऊन मी गल्लीतल्या प्रत्येक दारात गेले आणि सांगितलं की आमच्या मनीला कॉलेजात लिहायचं आहे, तुमची सगळी नावाची भांडी बाहेर काढा, तुमची नावं धुळ्याला जातील.

धुळ्याला नाव जाणार म्हटल्यावर बायकांनी माळे रिकामे केले. दुपारपर्यंत गल्लीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. परातींवर ऊन पडून डोळे दिपत होते. मनी मधोमध पाटावर बसली आणि एकेक भांडं पालथं करून, वर्गात वाचतात तसं, मोठ्याने वाचायला लागली.

सुरुवात आमच्याच भांड्यांपासून झाली. तिसरं की चौथं तपेलं तिने वाचलं, त्यावर बेबाबाईंच्या मालकांचं नाव. बेबाबाई दम लागलेला असूनही तरातरा उठल्या. "रत्ना, हाई तं मन्हं तपेलं शे." ते तपेलं त्यांनी कधीतरी श्रावणात कानबाईच्या सणाच्या रोटांसाठी, गल्लीचा सगळा स्वयंपाक एकत्र होतो तेव्हा दिलं होतं आणि ते आमच्याकडेच राहून गेलं होतं. मी लाजेने अर्धी झाले आणि तपेलं त्यांच्या हातात दिलं. आणि तिथेच कायदा ठरून गेला: ज्याचं नाव, त्याचं भांडं.

आता गंमत अशी, की भांड्यावर नाव दोन प्रकारचं असतं. एक मालकाचं, आणि दुसरं, ज्याने लग्नात आहेर म्हणून दिलं त्याचं. मनी हेच ओरडून सांगत होती. पण नाव आपलं आणि भांडं दुसऱ्याच्या घरात, हे डोळ्यांनी दिसत असताना दोन प्रकार ऐकायला थांबतं कोण! एकीने आपण आहेरात दिलेली कळशी परत उचलली, ते पाहून दुसरीने आपल्या सासऱ्याचं नाव असलेला डबा उचलला. कोणाची बादली, कोणाचं गंगाळ. बायका कडेवर भांडी घेऊन इकडून तिकडे चालल्या होत्या, आणि मनी पाटावर उभी राहून विनवत होती की साधनं जागची हलवू नका. मागच्या पंचवीस-तीस वर्षांच्या लग्नांतला आहेर एका दुपारी देणाऱ्यांकडे परत गेला!

आमच्या घरात संध्याकाळी उरलं ते म्हणजे कुकर (त्यावर नाव नव्हतं), दोन ताटल्या आणि सांडशी. यांनी दुकानातून येऊन चहा मागितला. यांचं शेतीच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान आहे, दिवसभर तारा गुंडाळून डोकं आधीच गरम असतं. मी चहा कुकरमध्ये केला.

पण एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

आमच्या माळ्यावर एक पितळी हंडा होता. तो अक्कांच्या लग्नातला. त्यांचं धुळ्याचं घर तेव्हा एका खोलीचं होतं, म्हणून तो माहेरीच राहिला होता. त्यावर कोरलेलं होतं, "दगाजी धना पाटील". दगाजी नाना म्हणजे समोरच्या ताराबाईंचे सासरे. नानांनी अक्कांना तो लग्नात दिला होता. ताराबाई आल्या, हंडा पाहिला, नाव वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या नानांचा हंडा तुम्ही इतकी वर्षं सांभाळला, तुमचे उपकार झाले."

मला म्हणायचं होतं, अहो ताराबाई, हा अक्कांचा आहेर आहे. वाक्य घशापर्यंत आलंही होतं. पण तोंडातून निघालं, "उचलायला जड आहे, थांबा, मी एका बाजूने धरते."

आणि मी तो हंडा त्यांच्या ओट्यापर्यंत नेऊन दिला.

मला वाटलं, समोरच्याच घरात आहे, सावकाश मागून घेऊ. तेवढ्यात मनीने धुळ्याला फोन लावून अक्कांना सांगून टाकलं की सगळ्या गल्लीत सगळ्यात जुना आणि सगळ्यात सुंदर लेख तुमच्या हंड्यावर आहे, सर म्हणतात तोंडी परीक्षेला तोच घेऊन ये. अक्का इतक्या फुलल्या की त्यांनी लगेच ठरवलं, हंडा त्या स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन कॉलेजात नेणार. शेजारणींनाही त्यांनी सांगून ठेवलं.

मी ताराबाईंकडे गेले. आधी हवापाण्याचं बोलले, मग त्यांच्या नातवाचं, मग पुन्हा हवापाण्याचं. शेवटी हंड्याचं विचारलं. ताराबाई म्हणाल्या, तो तर कालच पाचोऱ्याला मोडीत दिला. पितळेला भाव चांगला आला, त्यात मिक्सर घेतला. दाखवू का?

मी मिक्सर पाहिला. छान आहे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हे आणि मी मोटारसायकलवर पाचोऱ्याला गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने आतल्या पोत्याकडे बोट दाखवलं. हंडा ठोकून चपटा झालेला, त्यातही नाव असलेला बुडाचा तुकडा दुसऱ्याच गाडीत निघून गेलेला. मी पोत्यासमोर उभी राहून रडायच्या बेतात होते, आणि यांचं डोकं मात्र चालायला लागलं. हे म्हणाले, असाच एखादा जुना हंडा घेऊ आणि त्यावर दगाजी नानांचं नाव घालून घेऊ. दुकानदाराकडे नाव घालायचं यंत्रही होतं. अर्ध्या तासात इतिहास तयार!

घरी येऊन मनीला सांगितलं तर ती पांढरी पडली. हे तिला पुन्हा पुन्हा समजावत होते की कोणाला कळतंय.

"बाबा, ह्याला बनावट साधन म्हणतात. सरांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"तू कशाला बोलतेस? हंडा बोलेल."

मनी दोन दिवस यांच्याशी बोलली नाही. तीन वर्षं इतिहास शिकून मुलगी एवढी प्रामाणिक झाली, याचं कौतुक करावं की डोक्याला हात लावावा, मला समजेना. हिला पहिल्याच वर्षी मराठी विषय घ्यायला सांगितला असता, तर निदान भांडी घरात राहिली असती.

सुट्टी संपली. मी आणि मनी एसटीने धुळ्याला निघालो. माझ्या मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी, जिथे हंडा असायला हवा होता. वाटभर मी मनात वाक्य जुळवत होते. अक्का, एक अडचण झाली. अक्का, तुम्ही रागावू नका. अक्का, पितळेला हल्ली भाव फार आलाय.

अक्कांनी बाहेरच्या खोलीत टेबल पुसून त्यावर नवा टॉवेल अंथरून ठेवला होता. हंड्यासाठी. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, आणि मग रस्त्यावर रिक्षात काही राहिलं आहे का, तेही पाहून आल्या. मी जुळवलेली सगळी वाक्यं एसटीतच राहिली होती. जे झालं ते मी उलट्या क्रमाने सांगितलं: आधी चपटा हंडा, मग मिक्सर, मग ताराबाई आणि शेवटी मी एका बाजूने धरला होता ते.

अक्कांनी नव्या टॉवेलची घडी घातली. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नाचा हंडा तू स्वतः उचलून दिलास, रत्ना?"

"जड होता, अक्का," मी म्हणाले.

हे बोलायला नको होतं. अक्का उठल्या आणि मनीच्या खोलीकडे बघून म्हणाल्या, पोरीच्या कपड्यांची पेटी भर आणि तिला घेऊन जा. ज्या घरात आपल्या वस्तूची किंमत नाही, त्या घराची पोर मी कशाला सांभाळू? परीक्षा तोंडावर आलेली, आणि पारोळ्याचं स्थळ डोळ्यांसमोर मिशा पिळत उभं राहिलं.

मनी पेटी भरायला गेली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि वांगी ठेवायला म्हणून मोठी पितळी परात घेऊन आली. वांगी ठेवायच्या आधी, सवयीने, तिने ती पालथी केली. मला वाटतं तिच्या मनात काहीच नव्हतं. ती आता कोणतंही भांडं पालथं केल्याशिवाय हातातच घेत नाही. परातीवर माझ्या वडिलांचं नाव होतं.

"आत्या, ही परात कोणाची?"

अक्का खोटं बोलत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्या म्हणाल्या, तुझ्या आईच्या लग्नातली. या घराच्या वास्तुशांतीला आणली होती, राहून गेली.

अक्कांनी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता जगातली कोणतीही बाई या जागी दोन शब्द बोलली असती. मी म्हणाले, "असू द्या अक्का, तुमच्याकडे घासूनपुसून छान राहिली आहे."

अक्का खाली बसल्या. मग त्यांनी निकाल दिला. पोर राहील. परात त्यांच्याकडेच राहील, कारण त्यांना तिची सवय झाली आहे. आणि हंड्याच्या पितळेचे पैसे मी त्यांना द्यायचे, एकदम नाही जमले तर थोडे थोडे. मी एवढ्या घाईने हो म्हणाले की अक्कांनाच शंका आली, आपण कमी मागितले की काय.

मनी तोंडी परीक्षेला माझ्या वडिलांची परात घेऊन गेली. म्हणजे अक्काच घेऊन गेल्या, रिक्षात, मांडीवर. सरांनी प्रकल्प वाचून विचारलं, भांड्यांवरून गल्लीतल्या लोकांबद्दल काय कळलं? मनीने सांगितलं, लोक देतात एकदा आणि विसरत कधीच नाहीत. सरांनी चांगले मार्क दिले. बी.ए. झालं. पारोळ्याच्या स्थळाने दुसरीकडे लग्न केलं.

मी त्या उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या आणि नागलीचे पापड करून विकले. उन्हात पाठ भाजली, बोटांना भेगा पडल्या आणि थोडे थोडे करत पैसे अक्कांकडे जात राहिले. गेल्या आठवड्यात मी शेवटचे पैसे घेऊन धुळ्याला गेले आणि त्यांच्या हातावर ठेवले. अक्का म्हणाल्या, झालं, सगळा हंडा फिटला, आता तुझं माझं काही नाही. मग चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "पण मूळ पैसे घेतले ताराबाईने. तिच्याकडून तू वसूल केलेस ना?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे अक्कांना कळलं नाही; आणि खरं सांगायचं तर मीही अजून ठरवलेलं नाही.